पाणी लागलं तेव्हा

आटपाडीच्या पूर्वेला माळावर विहिरीचं काम चालू होतं. टोळीची मुकादम सुलाबाई. नवरा गेल्यावर टोळी मोडायला निघाली होती, ती तिनंच धरून ठेवली. त्या दिवशी पन्नास फूट खाली तिघं होती: सुलाबाई, तिची भाची पल्लवी आणि या कामात आयुष्य गेलेला कोंडीबा. वर, दगडमाती ओढणाऱ्या यारीवर तिचा भाऊ बिरदेव.

अकराच्या सुमाराला कोंडीबाची पहार एका कपारीत घुसली आणि आतून पाण्याची चिळकांडी उडाली. पल्लवी हसली. या भागात पाणी लागलं की टोळीला पेढे मिळतात. ती हसत होती तेवढ्यात कडेची दरड सुटली. लोखंडी शिडी मोडून खाली आली, यारीची बादली दगडांखाली गाडली गेली आणि एक दगड कोंडीबाच्या पायावर पडला. धुरळा बसला तेव्हा चिळकांडीची मांडीएवढी धार झाली होती.

वर यारीच्या इंजिनाचा आवाज आला. सुलाबाई ओरडली,

"बंद कर बिरदेवा! बादली अडकलीया. वडलीस तर यारी आमच्यावर यील!"

"मग काय करू आक्का? अग्निशामकची गाडी यायला दीड तास लागंल म्हणत्यात!"

पाणी घोट्याच्या वर चढलं होतं. पल्लवीनं सुलाबाईचा दंड घट्ट धरला. "मावशे, खरं सांग. निघू का आपण?"

सुलाबाईनं चढणाऱ्या पाण्याकडं बघितलं. निघू म्हणावं, तर पोरगी तोंडाकडं बघूनच खोटं ओळखेल.

"मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "पर वाटा किती हायत ते बघू. शिडीची गेली. यारीची गेली. दोर हाय, गाडी हाय. आन् पाणी चढतंय, तर आपणबी चढू. तवर दगड रचायचं."

"आन् दोर न्हाई पोचला तर?"

"तवा दुसरं बघू. आता त्यो चपटा दगड उचल."

दरड सुटली होती तिच्या समोरच्या कडेला दोघींनी ओटा रचायला घेतला. पायावरचा दगड सारून कोंडीबाला त्यावर बसवलं. तो सारखं म्हणत होता, "माझं झालं आता. मला ऱ्हाऊ द्या हितंच."

"गप बसा दादा. वर दरड सुटलीया तिथल्या भेगंवर डोळा ठेवा. माती पडाय लागली की हाळी द्या. आमच्या दोघींचा जीव तुमच्यावर हाय."

कोंडीबा मान वर करून भेग बघू लागला.

बिरदेवनं वस्तीवरून दोर गोळा करून आणले, एकमेकांना बांधून खाली सोडले. टोक दोन पुरुष उंचीवर लोंबत राहिलं. पल्लवी पाण्यातच मटकन बसली.  मनातून सुलाबाईनं हीच वाट पक्की धरली होती. पोरीला चेहरा दिसू नये म्हणून तिनं तोंड भिंतीकडं केलं, कपाळ ओल्या खडकाला टेकवलं.  

मग तिनं हाक दिली. "बिरदेवा! डांबरीवर जा. उसाची ट्रॉली दिसंल ती आडव. त्यांच्याकडं ऊस आवळायचा लांब, जाड दोर असतो, सोल."

"व्हय आक्का!" आणि मोटारसायकल सुटल्याचा आवाज आला.

नंतरचा वेळ काही केल्या सरेना. पाणी मांडीला आलं, मग कमरेला. कोंडीबा दोनदा ओरडला, दोन्ही वेळा दोघी भिंतीला चिकटल्या आणि ढेकळं समोर पाण्यात कोसळली. ओठ निळे पडले तरी पल्लवी पाण्याखालून दगड उचलत होती.

सोल आला. वर वस्तीवरची माणसं ओढायला उभी होती. आधी कोंडीबा गेला.

"मावशे, आता तू."

"तू जा. तू वर गेलीस तर वडायला दोन हात वाढत्याल."

पल्लवी वर गेली आणि सुलाबाई एकटी उरली. आता कुणाला धीर द्यायचा नव्हता, काम सांगायचं नव्हतं. इतका वेळ मागं सारलेली भीती एकदम अंगावर आली. पाणी छातीला लागलं होतं. सोल समोर लोंबत होता, पण हात उचलेनात. भेगेतून माती झरताना तिला दिसत होती.

"मावशे!" वरून पल्लवी ओरडली. "सोल काखंतनं घे! घेतलास का?"

सुलाबाईनं घेतला.

"आता गाठ मार. मारलीस? अजून एक मार. आता दोन्ही हातांनी धर!"

एकेक शब्द ऐकत ती तेवढंच करत गेली. वर आली तशी ती बाभळीखाली वाकून ओकली. मग अग्निशामकची गाडी आली, आणि पुढच्या तासाभरात दरड सुटलेली ती कड सगळीच खाली बसली.

विहिरीला पाणी लागलं म्हणून मालक पेढे घेऊन आला. सुलाबाईनं पुडा तसाच टोळीला देऊन टाकला. पंधरा दिवस तिला आडात वाकून बघवेना.

पुढचं काम औंधच्या बाजूला होतं. सुलाबाईनं दोन कडांना दोन शिड्या लावून घेतल्या आणि विहिरीपेक्षा दहा फूट लांब सोल स्वतः हात पसरून वावांनी मोजला. मग ती शिडीशी आली.

"भ्या वाटतंय का?" पल्लवीनं विचारलं.

"लय," सुलाबाई म्हणाली आणि पाय पहिल्या पायरीवर टाकला.