तळणेवाडीची सरासरी

घरात धान्य किती, हा चौदावा प्रश्न होता. तो वाचताना मी आत्याकडे न बघता कागदाकडेच बघत राहिलो. ओट्यावर आत्या बसली होती, तिच्या शेजारी रतनबाई, आणि खाली अंगणात गल्लीतल्या चार-पाच बायका उभ्या होत्या. नगरच्या कॉलेजातून घरं लिहायला कोणी आलंय आणि तो गोजरबाईचाच भाचा आहे, ही बातमी सकाळीच गावभर झाली होती.

"आठ पोती," आत्या म्हणाली. "ज्वारी. लिव्ह."

मी वर बघितलं. आदल्या दिवशी दिवेलागणीला तिने मला ज्वारीची पांढरी भाकरी वाढली होती आणि स्वतः मागाहून, चुलीकडे तोंड करून, रेशनच्या तांबड्या परदेशी ज्वारीची, मिलोची, खाल्ली होती. जेवल्यावर मी सहज कणगीला पाठ टेकली तर कणगी सरकली. भरलेली कणगी पाठ टेकल्याने सरकत नाही, हे कळायला बी.ए. करावं लागत नाही.

पण रतनबाई शेजारी बसलेली. तिच्या भावाचा मुलगा शेवगावला असायचा, मार्केटात मापाडी. त्याच्यासाठी आत्याच्या छबूचं बोलणं चाललं होतं आणि ते अजून पक्कं व्हायचं होतं. रतनबाईचे डोळे माझ्या पेनावर होते.

"लिव्ह की रं," आत्या म्हणाली. मी आठ लिहिले.

आमचं गाव राहात्याजवळ, कालव्याखालचं. आत्याला पंधराव्या वर्षी तिथून उचलून शेवगावच्या पुढे या कोरड्या मुलखात दिली. दहा एकर जमीन बघून दिली, आणि जमिनीला पाणी लागतं हे बहुधा त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. पोटी एकटी छबू. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी नव्हता आणि बैलजोडी गुरांच्या छावणीत बांधली होती. असं असून आत्याने माहेरी कधी हात पसरला नाही. वडिलांनी गूळ पाठवला तर त्याच पिशवीत ती काहीतरी घालून परत पाठवायची, मूठभर हुलगे का असेनात. रिकामी पिशवी तिने कधी धाडली नाही. मला ती लहानपणापासून फार आवडायची, हे इथेच सांगून टाकतो. पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

आमच्या कॉलेजात त्या वर्षी बी.ए.ला नवा विषय निघाला होता, जगातल्या मागासलेल्या देशांचा विकास. मुळगुंद सर विलायतेत तोच विषय शिकून आले होते. त्यांच्या हाताखाली आम्ही अकरा पोरं घाना, टांझानिया आणि पेरू घोकत होतो. पेरूमध्ये दर माणशी उत्पन्न किती हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सर म्हणायचे, आपल्या देशात दया भरपूर आहे, आकडे नाहीत. म्हणून शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एकेक गाव लिहून आणायचं, त्याला शंभर मार्क. त्या सालात त्याला आणखी एक महत्त्व आलं होतं. एक परदेशी संस्था पोरांना सुकडीचा पौष्टिक खाऊ वाटायचं केंद्र उघडणार होती, आणि आमच्या भागात ते तळणेवाडीला द्यायचं की पलीकडच्या गावाला, हे तिने सरांच्या अहवालावर सोडलं होतं. हे मला ठाऊक होतं. गावात सांगायचं नाही अशी सरांची ताकीद होती, नाहीतर लोक खोटं सांगतात म्हणे.

लोकांनी खोटं सांगितलंच, फक्त उलट्या बाजूने. गोजरबाईच्या घरात आठ पोती म्हटल्यावर त्या गल्लीत सातच्या खाली कोण येणार? शेजारच्या घराने नऊ सांगितली. पोलीस पाटलाने घसा खाकरून पंधरा लिहायला लावली आणि वर, चहाला घरात साखर नाही म्हणून, चहाची वेळ टळून गेली असं म्हणाला. घरात भाचे-जावई यावेत तसा मी दारोदार फिरत होतो. पाहुण्यापुढे आपली उपासमार कोण उघडी करतो? मी लिहीत गेलो. आत्याचे आठ खरे धरल्यावर बाकीच्यांना खोटं ठरवायला मला जागा उरली नव्हती.

ओढ्यापलीकडे बौद्धांची बारा घरं होती. तिथे भिमाबाई नावाची आत्याच्याच वयाची बाई दारात नातीला घेऊन बसली होती. मी चौदावा प्रश्न विचारला. उठून तिने मडकं आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि वरचं झाकण काढलं. तळाला मिलो होता, दोन दिवसांचा असेल. नात ते मडकं बघत होती, मला बघत नव्हती. मी खरं ते लिहिलं. त्या बाराही घरांचं मी खरं लिहिलं, कारण तिथे माझ्यासमोर कोणी अब्रू मांडून बसलं नव्हतं.

महिन्याभराने सरांनी माझा तक्ता फळ्यावर उतरवला. पाटलाची पंधरा पोती, गल्लीतली आठ-नऊ, ओढ्यापलीकडचं शेर-मापटं, सगळ्यांची बेरीज केली आणि घरांच्या संख्येने भागली. घरटी साडेपाच पोती निघाली. तळणेवाडी तूर्त तग धरू शकेल, असं सरांनी खाली लिहिलं आणि माझी पाठ थोपटली. असा नेटका तक्ता त्यांनी विलायतेतही थोडाच पाहिला होता.

त्या दुपारी मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो. सर, ती पोती नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. सरांनी मान वर करून काय रे, असं विचारलं. छबूचं लग्न माघात ठरलं होतं. फॉर्म रद्द झाले तर सर दुसऱ्या कोणाला पाठवणार, तो गावात जाऊन खरं विचारणार, आणि रतनबाईला कळणार. आणि माझे शंभर मार्क जाणार, हेही होतंच. ते सगळ्यात आधी मनात आलं होतं, आता कशाला लपवू? पुस्तक मागायला आलो होतो, असं मी सरांना म्हणालो. त्यांनी आनंदाने पुस्तक दिलं.

सुकडी पलीकडच्या गावाला गेली.

माघात छबूचं लग्न झालं. वीस माणसांत झालं, पण रीतीने झालं, आणि व्याह्यांना कुठे बोट ठेवायला जागा मिळाली नाही. वरात गेल्यावर आत्या मागच्या दारी भांडी घासत होती. मी शेजारी बसलो. भिमाबाईची नात गेली, असं तिने मान खाली घालूनच सांगितलं. जुलाब लागले आणि अंगात काही नव्हतंच, दोन दिवसांत आटोपलं. पलीकडच्या गावाला पोरं वाटी-वाटी सुकडी खातात, मग आपल्याकडेच का आली नाही, तू शिकतोस, तुला ठाऊक असेल, असं ती म्हणाली. तिने ते सरळ मनाने विचारलं होतं. मला खोटं सांगता आलं असतं, पण त्या दिवशी नाही जमलं. मी तिला सरासरी समजावून सांगितली. सगळ्यांचं एकत्र करायचं आणि सारखं वाटायचं.

तिचा हात परातीवर थांबला. 

"म्हंजी माजी आठ पोती भिमाबाईच्या घरात गेली," ती म्हणाली. "कागदावर."

"तसंच काही नाही, आत्या. बाकीच्यांनीही–"

"बाकीच्यांचं नगं सांगू. पयली मी सांगितली. व्हय का न्हाई?"

मी हो म्हणालो. तिने परात परत घासायला घेतली. ती घासून झालेली होती.

त्यानंतर तिचं पत्र नाही, निरोप नाही. वडील एकदा जाऊन आले. घराला कडी होती. गोजरबाई सकाळीच कुठेतरी जाते आणि दिवस कलल्यावर येते, एवढंच शेजारणीने सांगितलं. वडिलांना वाटलं, लेकीकडे जात असेल. मलाही तसंच वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं.

होळी झाल्यावर सर आम्हाला दुष्काळी काम दाखवायला घेऊन गेले. पैठणच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं आणि त्याची खडी फोडायला दोनेक हजार माणसं बसली होती. झाड औषधालाही नव्हतं. बायका ओळीने बसलेल्या, सायकलच्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा आणि वर हातोडी मारायची. एवढ्या हातोड्यांचा आवाज एकत्र झाला की बोलणं ऐकू येत नाही, माणूस तोंडाकडे बघून समजून घेतो. सरांनी दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. माझ्याबरोबर श्रीरामपूरचा राधाकृष्ण होता. तो विचारणार आणि लिहिणार, मी ओळ मोजत पुढे जाणार.

तिसऱ्या ओळीत भिमाबाई दिसली. मला तिने लगेच ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. तिच्या शेजारी एक बाई पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. आमच्यातल्या बऱ्याच बायका त्या साली तशाच बसायच्या. शेतीवाल्या घरच्या बाईने खडी फोडली हे कोणी बघू नये म्हणून. मी पुढे जाणार होतो. तेवढ्यात तिने दगड सरकवायला डावा हात पुढे केला आणि मनगटावरचं गोंदण दिसलं. रंगनाथ. माझ्या वडिलांचं नाव. लहानपणी जत्रेत तिने हट्टाने भावाचं नाव गोंदवून घेतलं होतं, ते आमच्या घरी सगळे कौतुकाने सांगायचे.

तळणेवाडीहून ती जागा चार मैल होती. गावाजवळही एक काम चालू होतं, पण तिथे रतनबाईच्या माणसांची ये-जा. नव्या सुनेची आई खडी फोडते हे शेवगावला कळलं असतं, तर छबूला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून आत्या रोज चार मैल येत होती आणि चार मैल जात होती. भिमाबाईच्या सोबतीनं.

राधाकृष्ण तिच्यापुढे उकिडवा बसला. नाव काय, असं त्याने मोठ्याने विचारलं. पदर हलला नाही. त्याने पुन्हा विचारलं. आता तिला काहीतरी सांगणं भाग होतं, आणि मी तीन हातांवर उभा होतो. ही माझी आत्या आहे, एवढंच म्हटलं असतं तर राधाकृष्ण उठून पुढच्या बाईकडे गेला असता. वर्गात दोन दिवस चर्चा झाली असती, राहात्याच्या बागाईतदाराची बहीण खडी फोडते म्हणून. तेवढीच. मी तोंड उघडलं नाही.

"राहीबाई," भिमाबाई म्हणाली. "तिला ऐकू कमी येतं. मला इचारा."

"तुमची कोण?"

"माजी धाकटी जाव."

राधाकृष्णाने लिहिलं. पुढचा रकाना जातीचा होता. त्याने तो वाचला आणि भिमाबाईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काही बोलणार आहे का, एवढंच तिला बघायचं असावं. एक नात गमावलेली बाई माझ्यासाठी थांबली होती, आणि मी दगडाच्या ढिगाकडे बघत होतो.

"एका घरच्या हावोत," ती म्हणाली. "बौद्ध लिव्हा."

पदराआडची मान हलली नाही. इतक्या वर्षांत भिमाबाई आत्याच्या ओट्याला कधी शिवली नव्हती. आता आत्या तिच्या घरातली होऊन बसली होती आणि तिला त्याची तक्रार दिसत नव्हती. हातोडी एकदा थांबली, मग पुन्हा चालू झाली. घरात धान्य किती, या प्रश्नाला दोघींनी मिळून काही नाही असं सांगितलं. राधाकृष्णाने शून्य मांडलं. ओढ्याअलीकडच्या तळणेवाडीबद्दल कागदावर उतरलेलं खरं असं तेवढंच असेल, आणि ते दुसऱ्याच्या अक्षरात होतं.

राधाकृष्ण पुढच्या बाईकडे सरकला, दोन पावलांवर. सरांनी लांबून शिट्टी वाजवली. मला तिथून हलता येईना. माझी सावली तिच्या हातावर पडली होती, तेवढीच काय ती मी तिला दिली होती.

पदरातून आवाज आला. हातोड्यांच्या आवाजात तो मला कसा ऐकू आला कोण जाणे.

"परीक्षा कवा हाय तुमची?"

जन्मापासून तिने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. राधाकृष्णाने मागे वळून बघितलं.

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो.

"मंग हितं उनात नगा थांबू. गाडी थांबलीया तुमची. जावा."

"हो, बाई," मी म्हणालो, आणि गाडीकडे चालू लागलो.