फणसातला खिळा

लाकूड कापायची गिरणी चालवणाऱ्याने शांत राहावं असं ज्याला वाटतं, त्याने एक पावसाळा माझ्या जागी काढून बघावा. साठ साली मालवणपासून थोडं आत, रस्त्याच्या कडेला मी ही गिरणी घातली. दोन मोठ्या चाकांवर फिरणारा पोलादी पट्टा, त्याला फिरवणारं एक रडतराऊत इंजिन, आणि खाऱ्या हवेने सगळ्याला चढणारा गंज. पट्टा तुटला की नवा मुंबईहून बोटीने यायचा, आणि बोट यायची तिच्या मर्जीने. त्यात आमचा मिस्त्री महादू. हात सोन्याचा, पण प्रत्येक ओंडका चढवण्याआधी तो हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालणार, आणि तोवर इंजिन फुकट तेल पीत धडधडत राहणार.

या कटकटीत माझं डोकं ठिकाणावर राहिलं ते माझ्या बायकोमुळे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यशोदेने कधी आवाज चढवला नाही, काही मागितलं नाही, की माहेरच्या आठवणीने डोळ्यांना पदर लावला नाही. अंगावर भुसा आणि डोक्यात राख घेऊन मी घरी यायचो, ती ताट वाढून समोर बसायची, आणि माझा राग आपोआप निवायचा. सगळ्या जगात मला न पिडणारं ते एकच माणूस होतं, आणि मला ते जिवापाड आवडायचं.

तिचा भाऊ गुरुदास नवं घर बांधत होता. दाराच्या चौकटींसाठी त्याने परसातला जुना फणस पाडून ओंडका माझ्याकडे पाठवला.

"झाडात खिळो बिळो नाय मा रे?" मी त्याला विचारलं.

आमच्याकडे हे विचारावंच लागतं. कुणाच्या अंगात काही शिरलं की जाणत्याला बोलावतात. तो त्या माणसाला झाडाला टेकून उभं करतो, त्याचे केस खिळ्याला गुंडाळतो आणि खिळा खोडात ठोकून जे काही असेल ते तिथेच बांधून टाकतो. भुतं बांधली जातात की नाही देव जाणे, पट्टे मात्र माझे तुटतात.

"साफ आसा, भावोजी," गुरुदास म्हणाला.

ओंडक्याच्या मध्यावर पट्टा कडाडून तुटला. महादूने इंजिन बंद केलं. वाकसाने लाकूड तासत तासत आम्ही आत गेलो तर पिवळ्याधमक गाभ्यात वीतभर लांबीचा घडीव खिळा. त्याला गुंडाळलेले केस आजच विंचरल्यासारखे काळेभोर होते. मी पकडीने तो उपसला आणि भुशाच्या ढिगावर भिरकावला.

"भाऊनू, हो खिळो काडूक नको होतो," महादू म्हणाला.

"पट्टो तुटलो तां नको होतां!" मी ओरडलो आणि जेवायला घरी गेलो.

चूल थंडगार होती. यशोदा अंगणात फतकल मारून खड्यांनी खेळत होती आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. मी कधी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. माझी चाहूल लागताच तिने घाईघाईने पाय झाकून घेतले, वाटेने चाललेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "तुमी खंयचे?"

मी आधी हसलो, मग रागावलो, मग तिचा हात धरला तर ती भोकाड पसरून रडायला लागली. "आवस माका न्हेवक कधी येतली?" एवढं एकच तिचं चालू. तिची आई आमच्या लग्नाआधीच वारली होती. दोन दिवस तिने मला जवळ येऊ दिलं नाही. एकदा भात हवा म्हणाली, एकदा तोच भात उधळला, सगळं घर डोक्यावर घेतलं. मला माझी यशोदा परत हवी होती, दुसरं काही मला सुचत नव्हतं.

गुरुदासला बोलावून घेतलं. तो दारातच थबकला.

"खिळो ताईचोच, लहानपणचो," तो खाली मान घालून म्हणाला. "ती सारखी रडी, कोणाक आयकी नाय. खिळो मारल्यार गप झाली. आवस म्हणी, पोरगी बरी झाली."

"आणि तू माका साफ म्हणान सांगलंस?"

"माका वाटलां, झाडान तो गिळलो."

काय बोलायचं असल्या माणसाशी! मी तसाच गिरणीत गेलो आणि अख्खा ढीग उपसून, नाकातोंडात भुसा जाईपर्यंत चाळून तो खिळा शोधला. केस तसेच होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि विश्वास नसताना हे सगळं करावं लागतंय याचाच मला संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादूला घरी आणला. यशोदा अंगणातल्या आंब्याखाली यायला तयार होईना.

"हंय उभी रव," मी म्हणालो. "हंयसून रस्तो दिसता. आवस तुझी येता हा."

तेव्हा ती आली. आंब्याला पाठ लावून, टाचा उंचावून रस्त्याकडे बघत उभी राहिली. महादूने लांबलचक गाऱ्हाणं घातलं आणि मी पहिल्यांदाच त्याला घाई केली नाही. मग तिच्या डोक्याच्या वर खिळा धरून मी हातोडा मारला. तो आत जाईपर्यंत तिची नजर रस्त्यावरून हलली नाही.

दुपारी चूल पेटली होती. यशोदा डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून वाढत होती. आमटीला नेहमीची चव होती. ती समोर बसली आणि दोन दिवसांचा माझा सगळा वैताग उतरला. जेवता जेवता तिने एकदा खिडकीतून आंब्याकडे पाहिलं.

"रडता हा," ती म्हणाली.

"कोण?"

"रवतली उगी. फणसात बांदली त्यावेळाकय ती अशीच रडलली." तिने भाताचं भांडं जवळ ओढलं. "भात घालू?"

मी ताट पुढे केलं.