फाटकावरची पंगत

आमच्या गावाखाली, साल्वीन नदीच्या काठावरच्या बांबूच्या बेटात माणसं लपली होती. नदीपलीकडच्या देशात लष्कराच्या विमानांनी त्यांची घरं जाळली तेव्हा होडीतून आलेली. आमच्यासारखीच कॅरेन जमातीची, आमचीच भाषा बोलणारी. पण सरकारच्या लेखी ती नव्हतीच. शहरातून त्यांच्यासाठी तांदळाचा ट्रक आला, तो गावाबाहेरच्या लष्करी फाटकावरच्या सार्जंटनं परत पाठवला. म्हणे खाली कुणी निर्वासितच नाहीत, तर तांदूळ कुणाला? आणि चुकून एखादं दिसलंच, तर त्याला होडीत घालून परत पलीकडे सोडायचं. माझं तर डोकंच फिरलं.

त्या बेटात माझी मावसबहीण एह मू होती, तान्ह्या लेकीला घेऊन. पोटात अन्न नाही म्हणून तिचं दूध आटत चाललं होतं. मला म्हणाली, "असंच चाललं तर मी परत जाते. मरायचंच तर आपल्या अंगणात मरेन." मी तिला नाही नाही ते बोलले. पण नुसत्या बोलण्यानं काय पोट भरतं?

वाट काढली मू ल्वे आजीनं. पान चघळत ती म्हणाली, बंदी ट्रकला आहे, शिदोरीला नाही. आमची डोंगरावरची शेतं फाटकापलीकडेच आहेत. रोज आम्ही बायका केळीच्या पानात भात बांधून तिकडे जातो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या शिदोऱ्या फुगल्या. भात, भोपळा, मासळीचा ठेचा. पाठीवरच्या टोपल्या भरून आम्ही फाटकातून जायचो आणि शेताच्या वळणावरून खाली बेटात उतरायचो. एह मूला पुन्हा दूध येऊ लागलं.

सार्जंट काही आंधळा नव्हता. एका सकाळी त्यानं आम्हाला अडवलं.

"आजी, एवढा भात तू एकटी खातेस?"

"तुझ्या वयाची होते तेव्हा याहून जास्त खायचे."

"हा खालच्या लोकांना जातोय."

"खाली कुणी नाही, असं तूच म्हणतोस ना बाबा? मग जाईल कुणाला?"

आम्ही तोंडावर हात दाबून हसलो. तेच त्याला झोंबलं. त्यानं बंदूक आडवी धरली आणि हुकूम सोडला, की शेतात काही न्यायचं नाही, इथंच माझ्यासमोर बसून सगळं संपवायचं. त्याला वाटलं, आता जिरली.

आजी खरंच फतकल मारून बसली. आम्हीही बसलो. पुडकी सोडली, गरम भाताचा वास सुटला. मग आजीनं उताराकडे तोंड केलं आणि पोटातून हाक दिली, "जेवायला या गं!"

भात उघडला की हाकेच्या टप्प्यात असेल त्याला बोलवायचं, ही आमची रीत. बोलावल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. पण जो वर येईल तो दिसणार, आणि दिसेल त्याच्यासाठी होडी तयार. मी आजीचा हात धरला. तिनं तो झटकला आणि पुन्हा हाक मारली.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग बांबू सरकले. सगळ्यांत पुढे एह मू होती, लेकीला छातीशी बांधून. तिच्यामागे म्हातारे, पोरं, लंगडत येणारा एक माणूस. एकामागून एक ती येतच राहिली. सार्जंटकडे न बघता सगळी आमच्या शेजारी बसली आणि जेवू लागली.

तेवढ्यात त्याचा वायरलेस खरखरला. फाटकावर कसली गर्दी आहे, असं डोंगरावरच्या चौकीतून विचारत होते. सार्जंटनं वायरलेस तोंडाशी नेला. एह मूनं मान वर केली. तिच्या तोंडात घास होता.

"सांग त्यांना, आम्ही आहोत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग बटण दाबलं.

"माणसं आहेत, सर," तो म्हणाला. "जेवतायत."