गायरानाचं नाव

आईचा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चिन्मय नावाचा एक अधिकारी हर्सूलला आमच्या घरी आला. तो विमान कंपनीचा होता. विमानांच्या धुराची भरपाई म्हणून या कंपनीनं आमच्या गायरानाला तारेचं कुंपण घालून झाडं लावली होती. तेव्हापासून आई मेंढरं चौपदरी झालेल्या जळगाव रस्त्याच्या कडेनं चारायची. तिथंच एका ट्रकनं तिला उडवलं.

"ताई, त्या वनाला तुमच्या आईचं, म्हाळसाबाईंचं नाव द्यायचं ठरलंय," तो म्हणाला. "फक्त तुमचा होकार हवा."

"एवढ्या दुष्काळात झाडं जगली?"

"रोज टँकर घालतो ना आम्ही."

त्रिंबकमामा उंबऱ्यात तंबाखू मळत होते. "व्हय, बघतो की आमी. वस्तीवरूनच जातो, थांबत नाय. माणसापरीस झाडाचा जल्म लई बरा, सायेब."

चिन्मय कसनुसं हसला.

"नाव द्या," मी म्हणाले. "पण फाटक उघडून मेंढरं आत सोडा."

"रोपं खाऊन टाकतील ती. आम्हाला वरती हिशेब द्यावा लागतो."

"मग राहू द्या. तिला जिथं पाय ठेवू दिला नाही, तिथं तिचं नाव नको."

"उद्घाटनाचा कार्यक्रम मुंबईत आहे, त्याला या तरी. कंपनीतर्फे विमानाचं तिकीट देऊ."

तो गेल्यावर मामांनी मेंढरांचं वाडगं उघडलं, कारण ती सकाळपासून उपाशी होती. आम्ही त्यांना घेऊन हमरस्त्याला लागलो. मामा पुढं झाले. मी कळपाच्या गाड्यांकडच्या बाजूनं चालू लागले. आई तिथूनच चालायची.