नापास टाकी

लोकांच्या घरी भांडणं सासूवरून होतात, पोरांवरून होतात, दारूवरून होतात. आमच्या घरी ती कॉम्प्रेसरवरून होतात, आणि त्यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. बोस्ना नदीच्या काठच्या आमच्या गावात कॉम्प्रेसरचा कारखाना होता. अंगाला तेलाचा वास नसलेल्या पोराला तेव्हा कुणी मुलगी देत नसे. माझा नवरा मुनीब जुळणी विभागात होता आणि मी चाचणी विभागात. त्यानं जोडलेल्या यंत्राची टाकी मी पाण्यानं भरायची, दाब चढवायचा, हातोडीनं वाजवून बघायची आणि पास की नापास ते सांगायचं. लग्नाआधी त्याची तीन यंत्रं मी गळतात म्हणून परत धाडली. चौथ्या वेळी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "बाई, तुझं माझ्याशी वैर काय आहे?"

तेव्हा नव्हतं.

आमच्या विभागात एक नियम होता. टाकी नापास झाली की तिला तिथल्या तिथे भोक पाडायचं. भंगारात जाईपर्यंत कुणी ती उचलून घरी नेऊ नये, हवा भरून स्वतःचा आणि शेजाऱ्याचा जीव घेऊ नये, म्हणून. जुळणीवाले आम्हाला खाटीक म्हणायचे. म्हणोत बापडे.

आमच्या गॅरेजमधला निळा, शंभर लिटरचा कॉम्प्रेसर त्याच कारखान्यातला. पंप मुनीबनं बसवला, टाकी मी तपासली, आणि तिच्या पट्टीवर माझा तपासणीचा सतरा हा आकडा ठोकलेला आहे. लग्नानंतर आम्ही त्याच्यावाचून घरातलं एक काम केलं नाही. गालिच्यांची धूळ हवेनं, शिलाई मशीनमधला धाग्यांचा भुगा हवेनं, पिटा नावाची सारणाची पोळी लाटायच्या टेबलावरचं पीठ हवेनं. अक्रोड फोडले की टरफलं उडवायला हवा. कामं वाटलेली होती: लाकडं आणि धुराडं त्याचं, बाकी सगळं माझं. एका ऑक्टोबरात तर त्यानं चुलीचा पाइप न काढता वरून आठ बार दाबाची हवा सोडली, आणि नुकत्याच चुना दिलेल्या माझ्या स्वयंपाकघरात काजळीचा पाऊस पडला. मी काळी, मांजर काळं, दूध काळं. तो दारात उभा राहून म्हणाला, "पण धुराडं बघ कसं लख्ख झालंय!" त्या दिवशी मी हसले होते. हसायचे दिवस होते.

आता मुख्य गोष्ट. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतो. टाकीच्या पोटाखाली एक बारका नळ असतो. तो रोज उघडून ते पाणी काढून टाकायचं, नाहीतर टाकी आतून गंजते. चार दिवस काम शिकलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मुनीबलाही ठाऊक होतं. पण त्याचं म्हणणं, "माझ्या यंत्रात पाणी धरत नाही. मी तसा पंपच बसवलाय." धरत नव्हतं, कारण रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की मी राख टाकायला म्हणून गॅरेजमध्ये जायचे आणि तो नळ उघडायचे. वाटीभर तपकिरी पाणी निघायचं. पहिल्या वर्षी मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "ते तू वर फडकं पिळलं असशील." मी म्हटलं जाऊ दे, राहू दे बिचाऱ्याची हौस. युद्धाच्या चार वर्षांत गॅरेजला कुलूप होतं. परत आल्यावर टाकी वाजवली तेव्हा आतून पत्रा बराच खाल्ला गेलाय हे माझ्या कानाला कळलं. त्यानंतर मी एक संध्याकाळ चुकवली नाही. ताप असला तरी गेले. आई वारली त्या दिवशीसुद्धा गेले.

गेल्या बैरामला, म्हणजे ईदला, आमचे व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदा घरी आले. मुनीबनं त्यांना आधी गॅरेजमध्येच नेलं. लोक पाहुण्यांना बाग दाखवतात, आम्ही कॉम्प्रेसर. यंत्र सुरू केलं, बंद केलं, बोटानं पंपावर टिचकी मारली. विहीणबाईंनी सहज विचारलं, "रासेमाताई, तुम्हीपण त्याच कारखान्यात होता ना?"

मी तोंड उघडण्याआधी मुनीब म्हणाला, "होती हो, टाक्यांत पाणी भरायला! यंत्राला या बाईनं पस्तीस वर्षांत हात लावलेला नाही. हिचं राज्य चुलीपुढे. हा गडी बघा, कधी तक्रार नाही, कधी दुरुस्ती नाही. घरात एवढा एकच आहे, बिनबोभाट काम करणारा."

सगळे हसले. माझी पोटची पोर आमेला, तीपण हसली. मी बकलाव्याचं ताट फिरवलं आणि व्याह्यांना आग्रह करून दोन तुकडे जास्त वाढले. रात्री भांडी घासली, ओटा पुसला, राख बादलीत भरून दाराशी ठेवली आणि गॅरेजमध्ये गेले नाही.

पहिला महिना मला वाटत होतं की त्याला कळेल. येईल, विचारेल. शरदात हवेच्या नळीतून पाण्याची थुंकी उडायला लागली. अक्रोडाची टरफलं उडायची सोडून ओली होऊन टेबलाला चिकटली.

"बघ, बघ," मुनीब म्हणाला, "तुझ्या रोजच्या धुण्याची वाफ गॅरेजात जाते!"

"धुणं बंद करू? तुझ्या चड्ड्या कोण धुणार, तुझा बिनबोभाट गडी?"

"जीभ बघ हिची. पंपाला तेल घालायला ये म्हटलं की गुडघे दुखतात, आणि बोलायला आठ बारचा दाब."

"मग सोड ना नळ माझा. दाब उतरेल."

इतकं स्पष्ट मी बोलले होते. त्याला वाटलं टोमणा आहे.

टाकीत पाणी भरत गेलं तशी हवेला जागा उरली नाही आणि मोटर दर दोन मिनिटांनी सुरू व्हायला लागली. त्यानं वीजवाल्यांना शिव्या दिल्या. एकमेकांशी आम्ही लागेल तेवढंच बोलत होतो, आणि जे बोलत होतो ते शेजारची विन्कोची बायको कुंपणापलीकडे थांबून ऐकायची. दर शनिवारी शेजारीपाजारी गाड्यांची चाकं, ढकलगाड्या घेऊन फुकट हवा भरायला यायचे. ते गेले की मुनीब उलटं खोकं घेऊन टाकीला पाठ टेकून बसायचा आणि मी केलेली कॉफी प्यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मला तसा दिसायचा. दर शनिवारी दिसायचा.

मार्चमध्ये तो बाजारात गेला असताना मी हातोडी घेऊन गॅरेजात गेले आणि टाकी वाजवली. चांगली टाकी घंटेसारखी बोलते. ही जुन्या भोपळ्यावर टिचकी मारावी तशी बोलली. आत पाणी असलं की आवाज बसतो हे मला ठाऊक आहे. पण हा नुसता पाण्याचा आवाज नव्हता. वीस वर्षं मी दुसरं काय ऐकलं? हातोडी जागेवर ठेवली, हात धुतले आणि कांदे सोलायला बसले. त्यानंतर तीन शनिवार गेले. तीन. मी काही बोलले नाही, आणि हे मी इथे लिहिते आहे कारण लपवून उपयोग नाही.

चौथ्या शनिवारी त्याला कुंपण रंगवायचं होतं. हिरवा रंग नीट फवारेना, नळीतून पाणी येऊन फळ्यांवर ओघळ उठले. मी कपडे वाळत घालत होते. तो फणफणत आत गेला आणि दाबाच्या बटणाचं झाकण उघडून पेचकसानं स्क्रू पिळायला लागला.

"काय करतोस?"

"आठ पुरत नाही. दहा करतो."

माझ्या हातातली चादर मातीत पडली. "मुनीब, ते सुरू करू नकोस."

"का? कोण सांगतंय?"

"चाचणी विभाग."

तो खो खो हसला. "चाचणी विभागाला कुलूप लागून वीस वर्षं झाली. जा, चादर उचल."

"टाकी गेलीये. मी वाजवून बघितलीये."

"तू? अगं, तू पाणी भरणारी! पस्तीस वर्षं ही टाकी..." आणि मुद्दाम, माझ्याकडे बघत, त्यानं खटका दाबला.

मोटर घरघरली. मी धावले. गुडघे दुखतात म्हणे! मीटरच्या पेटीतला फ्यूज फिरवून उपटला, तेव्हा काटा साडेआठवर होता. घरातलं सगळं शांत झालं, फ्रिजसुद्धा. मी परत आले, वरची झडप ओढून धरली आणि काटा शून्यावर येईपर्यंत सोडली नाही. हवेच्या आवाजात मुनीब काय ओरडत होता ते मला ऐकू आलं नाही; बरंच झालं. मग भिंतीवरचा टोकदार सेंटर पंच आणि जड हातोडी काढली.

"रासेमा, हात लावलास तर याद राख!"

मी गुडघ्यावर बसले आणि पंच टाकीच्या पोटाला लावला. धडधाकट पत्र्यावर पंच नाचतो, मनगटाला झिणझिण्या येतात, भोक पाडायला ड्रिल लागतं. इथे एकच घाव घातला आणि पंच मुठीपर्यंत आत गेला.

पाणी आलं. आधी चिळकांडी, मग कडेचा पत्रा पापडासारखा मोडला आणि लाल गाळाचा लोंढा आला. माझा झगा, त्याचे बूट, कुंपणाच्या रंगाचे डबे, सगळं भिजलं. मुनीब बघत उभा राहिला. मग वाकला आणि भोकाच्या कडेला बोट लावलं. पत्रा त्याच्या बोटानं वाकला.

"एवढं पाणी कुठून आलं?" तो म्हणाला.

"रोज यायचं. रोज संध्याकाळी मी काढून टाकत होते. युद्धाची चार वर्षं सोडली तर रोज."

"मग आता?"

"बैरामपासून नाही काढलं."

त्याला बैराम आठवायला वेळ लागला. आठवला तेव्हा तो खोक्यावर बसला, पण पाठ टेकली नाही.

"मी इथे टेकून बसायचो," तो म्हणाला.

"हो."

"तुला खिडकीतून दिसायचं."

"हो."

"वाजवून कधी बघितलीस?"

"मार्चमध्ये. तीन शनिवार झाले."

मला वाटलं आता तो पेचकस फेकून मारेल, आणि मारला असता तर मला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर दामदुप्पट परत केल्या असत्या; तोंडपाठच होत्या मला. तो उठला, नळाखाली हात धुतले आणि आत गेला. मी फ्यूज बसवला, चादर पुन्हा धुतली, गॅरेज झाडून काढलं. मग कॉफी केली, कारण चार वाजता आमच्याकडे कॉफी होते, जग बुडालं तरी.

दोन कप टेबलावर ठेवले. तो समोर बसला. चुलीकडे बघितलं, धुराड्याच्या पाइपकडे बघितलं, गॅसच्या सिलिंडरकडे बघितलं, आणि मग त्या डबीकडे, जिच्यात दर रविवारी मी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या वारांप्रमाणे भरून ठेवते.

"रासेमा," तो म्हणाला, "आणखी काय काय करायचं सोडलंयस?"

पस्तीस वर्षांत त्यानं मी घरात काय करते हे पहिल्यांदा विचारलं होतं. हा प्रश्न ऐकून जीव थंड होईल असं मला दहा महिने वाटत होतं. झाला नाही. तो मला भीत होता.

"काही नाही," मी म्हटलं. "तेवढं एकच."

त्यानं मान हलवली, पण कपाला हात लावला नाही. मी त्याचा कप उचलला, एक घोट घेतला आणि परत त्याच्यासमोर ठेवला. तरी त्यानं ती कॉफी प्यायली नाही.