पट्ट्याखालचे चट्टे

चमत्कारानं बरं करणाऱ्या बाबांचा सत्संग, सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर जमिनीला पक्की केलेली सायकल आणि तिच्यावर माझा धाकटा भाऊ. छपराचं काम करताना तो खाली पडला, कणा मोडला, आणि तेव्हापासून कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्श. पावलं पेडलला बांधलेली, मांड्यांवर बाबांचे मखमली पट्टे, वर शाल.

"डॉक्टर म्हणाले, हे पाय मेले," बाबा माईकमध्ये पुटपुटले. "मी पायांना म्हटलं, उठा बाळांनो, किती झोपाल?"

आणि पाय फिरू लागले. लोक ढसाढसा रडले. भावजय माझ्या खांद्यावर कोसळली. मीही हात जोडले, पण देवाला.

त्याच्याआधी एका शिंप्याला बसवलं होतं. तोही असाच अपघातात अधू झालेला. त्याचे पाय ढिम्म. बाबांनी सुस्कारा सोडला. "आत पाप आहे रे. धुऊन ये." त्याची आई मान खाली घालून त्याची चाकाची खुर्ची बाहेर ढकलत गेली.

भावाला रोज बोलावणं येऊ लागलं. हॉस्पिटलचे व्यायाम बंद, खुर्चीतली मऊ गादी बंद, कूस बदलणंही बंद. "श्रद्धा आणि शंका एका अंथरुणात झोपत नाहीत," हे बाबांचं वाक्य भावजयीला तोंडपाठ झालं होतं.

सकाळचा नेम आटोपला की भावाचं अंग पुसायचं काम माझं. एक दिवस शाल बाजूला केली, तर मांड्यांवर लालभडक चौकोनी चट्टे. एक फुटून पाणी गळत होतं.

"हे काय रे?"

"कृपेची खूण. बाबा म्हणाले, आतला दाह बाहेर पडतोय."

"कृपा चौकोनी असते होय?"

"ताई, तू एवढी देवाची. निदान तू तरी शंका घेऊ नकोस."

"देवावर कुठे घेतली?"

मी तडक हॉस्पिटलात गेले. भावाला व्यायाम देणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून वायरींची छोटी पेटी काढली आणि चिकटणारे दोन तुकडे माझ्या हातावर लावले. "हात सैल सोडा."

माझी मूठ मिटली. मी मिटली नव्हती.

"वीज," त्या म्हणाल्या. "अगदी थोडी. पायांच्या नसा जिथून निघतात, त्याच्या वर तुमच्या भावाचा कणा मोडलाय. तिथून खाली मेंदूचा निरोप पोचत नाही, पण पायांच्या नसा शाबूत आहेत. तो निरोप ही पेटी देते. आम्ही इथे अशीच सायकल चालवून घेतो. स्नायू वाळत नाहीत, रक्त खेळतं. पेटी बंद केली की पायही बंद. कणा काही जुळत नाही."

"आणि शिंपी?"

"त्याला मीच तपासलंय. पायांकडे जाणाऱ्या नसाच गेल्यात. त्याला ही पेटी लागूच पडत नाही."

"म्हणजे पाप नाही."

"पाप कसलं? आणि हे चट्टे म्हणजे भाजलंय. पट्ट्याआतले असे तुकडे सुकले की वीज एकाच जागी चावते. आपण लगेच ओरडू. त्याला कळतच नाही. गादी नसली, कूस बदलली नाही, तरी दाबानं अशाच जखमा होतात. अशी जखम हाडापर्यंत गेली तर माणूस दगावतो."

परतताना मी शिंप्याच्या घरी थांबले. पाप धुवायला त्याला उपास घडवला जात होता. त्याच्या आईला सगळं सांगितलं. तिनं उठून त्याचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासोबत सभागृहात आल्या. भाऊ माझं न ऐकता पुन्हा सायकलवर बसला होता. पाय फिरत होते, लोक डोळे पुसत होते. मी व्यासपीठावर चढून माईकजवळ उभी राहिले.

"बाबा, पट्टे काढून एकदा फिरवा."

"माई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये."

"माझी श्रद्धा घट्ट आहे. पट्टे काढा."

तोवर बाईंनी शाल उचलली होती. पट्ट्यांतून निघालेल्या वायरी सीटखालच्या पेटीत जात होत्या. त्यांनी वायर उपसली, पाय थांबले. लावली, फिरले. पुन्हा उपसली; थांबले. तेवढ्या वेळात बाबांनी एकही मंत्र म्हटला नव्हता.

"हाच पट्टा तुमच्या मांडीला बांधू?" बाईंनी विचारलं. "तुमचे पाय धडधाकट आहेत. तुम्हाला चांगलं जाणवेल."

बाबा मागे सरकले ते पडद्याआड गेले. सेवेकरी त्यांच्याही पुढे.

माझा भाऊ आपल्या मांडीकडे बघत होता. "म्हणजे मी चालणार नाही."

"या पेटीनं नाही," बाई म्हणाल्या. "खोटी आशा मी देणार नाही. पण पाय वाळू देणार नाही. आधी ही जखम भरून काढू."

त्यानं मांडीवरचे पट्टे स्वतःच सोडले. मग भावजयीला म्हणाला, "माझी गादी आण. आणि आजपासून कूस बदलायची. मी नको म्हटलं तरी."

मी व्रतं करते, पुढेही करीन. देवाला पेटी लपवावी लागत नाही. तुमच्या माणसाला कोणी चमत्कारानं बरं करतो म्हणाला, तर त्याच्या पाया पडण्याआधी शाल उचलून बघा. आणि औषध, व्यायाम बंद करा असं जो सांगेल, त्याला त्याच पावली दाराबाहेर काढा.