मूळ काढू नये

पहाटेची प्रार्थना संपेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. आमच्या केप कोस्ट शहरात हा माझा नेम सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्या वेळी दाराशी कुणी फिरकत नसे. त्या दिवशी लामिसी आली. पाठीला मूल बांधलेलं, पाय चिखलाने भरलेले. मी गुडघ्यांवर होते. ती उंबऱ्याशी बसली आणि हलक्या आवाजात बोलू लागली.

"मावशी, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. माझ्या या अजोआला प्रा नदीपलीकडे धाडतायत. एसुमान मालकांच्या बहिणीच्या गावी. तिथल्या कुणा बड्या माणसाला शब्द दिलाय म्हणे. कशासाठी, असं विचारलं की घरातले सगळे खाली बघतात. हमालसुद्धा ठरलेत."

प्रा नदीपर्यंत गोऱ्यांचा कायदा चालतो. पलीकडे गेलेलं लेकरू परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"कोर्टात जायचंय मला," ती म्हणाली. "विकत घेतलेलं माणूस आता कुणी ठेवायचं नाही, असा कायदा झालाय ना? पण मला विकत आणलं, हे सांगणार कोण? तुम्ही होतात तेव्हा. मला आणलं त्या दिवशी माझे पाय तुम्हीच धुतले होते."

तिच्या दोन्ही गालांवर उत्तरेकडच्या लोकांचे बारीक चिरे होते. सालागाच्या गुलामांच्या बाजारातून कोबिना एसुमानने तिला आणलं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि अख्खी गल्ली गप्प होती. आमच्यात कुणाचं मूळ काढत नाहीत. घरात आलेलं माणूस कुठून आलं हे चारचौघांत बोलणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा उघडं पाडणं. चोरी एक वेळ खपते, हे खपत नाही. त्या चालीने किती अनाथांची लाज राखली आहे, तेही मी पाहिलं होतं.

प्रार्थना संपवून मी उठले. त्या दिवसाचा माझा पहिला शब्द होता, "येते."

बातमी माझ्याआधी विहिरीवर पोचली. शेजारची एकुआ भिजवलेला मका धुता धुता म्हणाली, "काय गं अराबा, उपास करून करून जीभ हलकी झाली वाटतं तुझी?"

"त्या पोरीचं लेकरू चाललंय, एकुआ."

"अगं, आज तिचं मूळ काढशील, उद्या माझ्या सासूचं काढशील. मग या गल्लीत उरेल कोण? तू आणि तुझा पाद्री!" बायका हसल्या. एकुआ मात्र हसली नाही.

संध्याकाळी एसुमान स्वतः आला. पामतेलाचा मोठा व्यापारी, चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसणारा. मला वाटलं, धमकावेल. तो ओट्यावर टेकला, पाणी मागितलं, सावकाश प्यायला.

"अराबाबाई, साक्षीला येताय म्हणे. या. जरूर या. देवाला स्मरून जे असेल ते बोला. मी अडवणार नाही."

तो गेल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शुक्रवारी खटला उभा राहिला. माझा उपास होता, ओठ कोरडे पडले होते. न्याय करणारा गोरा साहेब तापातून उठलेला, पिवळा, सारखा घाम पुसत होता. त्याच्या एका बाजूला दुभाष्या, दुसऱ्या बाजूला आमचा रिवाज सांगण्यासाठी बसवलेला म्हातारा ओतू. लामिसी अजोआला पाठीवर घेऊन उभी होती.

एसुमान म्हणाला, "ही माझ्या घरची लेक, साहेब. लेकीला कुणी गुलाम म्हणतं का?"

मग त्याच्या घरची स्वयंपाकीण म्हातारी मान्सा पुढे आली.

"ही मुलगी कुठून आली?" दुभाष्याने विचारलं.

"घरातून."

"त्याच्या आधी?"

"आधी म्हणजे? सकाळी उठली, भाकरी खाल्ली, इथं आली."

लोक खदखदून हसले. साहेबाने मेजावर हात आपटला. "गालावर हे चिरे कसले?"

"लहानपणी सारखी आजारी पडायची. मरण फसावं म्हणून देतात की चिरे. साहेबांच्या गावात देत नाहीत?"

मान्साच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मालकासाठी खोटं बोलत नव्हती. लामिसीला ती झाकत होती, जसं कुणी लुगडं फाटलेल्या बाईला आपल्या पदराने झाकतं.

मग माझं नाव पुकारलं. पवित्र शास्त्रावर हात ठेवून मी सगळं सांगितलं. सालागाचा बाजार, पायांतल्या दोरीचे वळ, मुलीला आमची भाषा येत नव्हती ते, आणि तिला या जगात आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं तेही. खोलीतलं हसू थांबलं. मागे कुणीतरी थुंकलं. मी एसुमानकडे पाहिलं. तो खांद्यावरचं वस्त्र नीट करत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. दळण पुरं होईपर्यंत जात्यापाशी माणूस थांबतं, तसा तो थांबला होता.

साहेबाने निकाल द्यायला वेळ लावला नाही. लामिसी विकत घेतलेली होती, आता मोकळी आहे. तिच्यावर एसुमानचा हक्क नाही. लामिसीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. "मावशी," ती हसत, रडत म्हणाली, "मावशी!"

तेव्हा एसुमान उभा राहिला.

"निकाल मान्य, साहेब. बाई मोकळी. आता पोर तेवढी आमच्या हवाली करावी."

"का म्हणून?"

"माझ्या भाच्यापासून झालेली आहे. रिवाज विचारा."

साहेब ओतूकडे वळला. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"आमच्यात मूल आईच्या कुळाचं," तो म्हणाला. "आईला कूळच नसेल, तर ज्या घरात जन्मलं त्या घराचं."

"आणि या बाईला कूळ नाही?"

"ते आत्ताच अराबाबाईंनी सांगितलं. सगळ्यांदेखत."

"साहेब, ते तिला नदीपार धाडतायत!" मी ओरडले. आयुष्यात मी कधी ओरडले नव्हते.

"माझ्या बहिणीकडे चाललीय," एसुमान शांतपणे म्हणाला. "आजीकडे नात जात नाही का?"

पोर कुणी विकत घेतलेली नाही, तेव्हा गुन्हा नाही, असं साहेब म्हणाला. घरचा वाद घरात मिटवा. त्याने घाम पुसला आणि पुढचा खटला पुकारायला सांगितलं.

लामिसीने पोरीला बांधलेल्या कापडाच्या गाठीवर हात दाबून धरला होता. मान्सा तिच्या मागे गेली, पुटपुटत एकेक बोट सोडवू लागली. "दे गं बाई. दे. नाहीतर ओढतील, लेकराला लागेल." गाठ सुटली. अजोआ किंचाळली.

बाहेर ऊन भगभगत होतं. हमाल झाडाखाली ओझी बांधून तयार बसले होते, म्हणजे ते निकालाच्या आधीपासूनच तिथं होते. मान्साने पोर त्यातल्या एका बाईच्या पाठीला बांधली.

"तू मोकळी आहेस," एसुमान लामिसीला म्हणाला. "हवं तिकडे जा."

लामिसीने इकडे तिकडे पाहिलं. मग ती हमालांच्या रांगेत गेली, एकाच्या पुढ्यातली टोपली उचलली आणि आपल्या डोक्यावर ठेवली.

"अगं, काय करतेस?" मी तिचा दंड धरला. "पलीकडे कायदा नाही. तिथं तुला पुन्हा कुणीही..."

"ठाऊक आहे, मावशी. पण तिला रात्री माझ्याशिवाय झोप लागत नाही."

एसुमान माझ्याजवळ आला, अगदी आदराने. "पाहताय ना, बाई? मी बोलावलं नाही. स्वतःच्या पायांनी चाललीय."

हमाल उठले. आई मागे आहे हे दिसताच अजोआचं रडणं थांबलं. रांग उत्तरेच्या वाटेला लागली. झाडीत शिरेपर्यंत लामिसीने एकदाही मागे पाहिलं नाही. डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही.